उघड्या खांद्यांची राणी

सेमारांगला नदीकाठच्या जुन्या नाट्यगृहात दर शनिवारी संध्याकाळी केतोप्राक, म्हणजे जावातलं लोकनाट्य, व्हायचं. राजे-राण्या, कपटी प्रधान, मध्येच विदूषक, आणि संवाद बरेचसे आयत्या वेळी सुचतील तसे. त्या मंडळीत वेनिंगसारखा आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता. ती बोलायला लागली की शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही कानामागे हात धरावा लागत नसे. पण राणीचं काम तिला एकदाच मिळालं. राणीला केम्बेन नेसावं लागतं, छातीपासून खाली गुंडाळायचं, खांदे-दंड उघडे. आणि वेनिंगच्या खांद्यांवर, कोपरांवर विशीपासून लाल चट्टे होते, त्यांवर पांढऱ्या खपल्या. सोरायसिस आहे, कमीजास्त होत राहील, दुसऱ्या कुणाला होत नाही, असं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. त्या एका वेळी तिने रंग फासून राणी केली, तर पुढे आठवडाभर अंगाची आग झाली. तेव्हापासून ती लांब बाह्यांतली दाई, नाहीतर मावशी, नाहीतर कुणाची तरी सासू.

एका शनिवारी जकार्ताहून टीव्हीचा एक दिग्दर्शक खेळ बघायला आला. पाप्याचं पाप शेवटी त्याच्या अंगावर फुटतं, अशा गोष्टींची मालिका तो करायचा. खेळ संपल्यावर तो रंगपटात डोकावला, तेव्हा वेनिंग कोपराला खोबरेल चोळत होती. तिचा हात बघून त्याचा चेहरा उजळला. अनाथांची जमीन लाटणारी घरमालकीण त्याला हवी होती. तिच्यादेखत तो आपल्या माणसाला म्हणाला, "मेकअपवाल्याला सांग, त्या दिवशी सुट्टी."

वेनिंगला ते टोचलं. तरीही ती गेली. इतकी वर्षं सासवा केल्यावर कॅमेरा आपल्या चेहऱ्याजवळ येणार, याचा मोह तिला आवरला नाही. शेवटच्या प्रसंगात गाव नाकाला फडकी लावून तिला हाकलून देतं आणि ती धुळीत बसून माफी मागते. तिने ते काम जीव ओतून केलं, आणि तेच तिला भोवलं.

मालिका लागली आणि बाजारात सगळे तिला ओळखायला लागले. टोफूवाली सुटे पैसे हातात द्यायचे सोडून फळीवर ठेवू लागली. आईला बायका आडून आडून विचारत, की पोरीच्या हातून नेमकं काय घडलं होतं. वेनिंगने हे सगळं हसण्यावारी नेलं. मग एक दिवस नास्तिती आली. मागच्या गल्लीतली, बाटिकच्या कारखान्यात कापड रंगवणारी, लग्न ठरलेली मुलगी. तिच्या मानेवर नि गुडघ्यांवर तसेच चट्टे होते. होणारी सासू सुकेसीबाई, म्हणजे बू सुकेसी, हिने तो भाग पाहिला आणि लग्न पुढे ढकललं. आधी पोरीने काय केलंय ते कळू दे, म्हणाली.

नास्तिती रडली नाही, तक्रारही केली नाही. चहाचा पेला हातात धरून, वेनिंगला थोरल्या बहिणीसारखं म्बाक म्हणत तिने एवढंच विचारलं, "म्बाक, शेवटी त्या बाईने माफी मागितली ना? मग तिचं अंग बरं झालं का? तेवढं माझं बघायचं राहिलं."

वेनिंगने तिचा पेला पुन्हा भरला.

त्याच आठवड्यात दिग्दर्शकाचा फोन आला. या वेळी मोठं काम होतं, सुनेला छळणारी बाई, दोन भागांचं. वेनिंग म्हणाली, "येते साहेब. पण या वेळी तिला नुसता आजार असू दे. पाप नको."

तो मनापासून हसला. "मग गोष्ट काय राहिली?"

"राहते की नाही, ते बघते," असं म्हणून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती मंडळीच्या मालकीणबाईंकडे, बू मूर्तियांकडे गेली. पुढच्या खेळात राणी मी करणार, आणि रंग न लावता, असं तिने सांगितलं. बू मूर्तियांनी पान गालात सरकवलं. लोक टीव्हीवरची बाई बघायला येतील, राणी बघायला नाही, म्हणाल्या. येऊ तर देत, असं वेनिंगचं म्हणणं. शेवटी त्या कबूल झाल्या, पण लोक उठायला लागले तर पडदा पाडीन, ही अट घालूनच. मग वेनिंग म्हाताऱ्या विदूषकाकडे, म्बाह गेम्बुसकडे गेली आणि त्याला बजावलं, "माझी कीव करून गप्प बसायचं नाही. इतर राण्यांशी वागता तसंच वागायचं."

शनिवारी नाट्यगृह खच्चून भरलं. नास्तिती आईबरोबर आली होती, आणि चार रांगा सोडून, चेहरा कडक करून, बू सुकेसीही. वेनिंग रंगमंचावर आली ती हळदी रंगाच्या केम्बेनमध्ये, केसांत मोगरा, आणि खांद्यांवरचे चट्टे दिव्यांच्या उजेडात लख्ख. प्रेक्षक पुढे झुकले. मग मागून कुणीतरी ओरडलं, "राणीसाहेब, कुणाची जमीन खाल्लीत?"

हशा उसळला. म्बाह गेम्बुसचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बू मूर्तियांनी पडद्याच्या दोरीला हात घातला. वेनिंग जागची हलली नाही. तिने हसू ओसरू दिलं आणि मग ती दरबारी भाषेत, अगदी सावकाश बोलली.

"कोण बोललं, त्याला प्रधानजी, आसन द्या. प्रश्न रास्त आहे. पण बाबा, पाप अंगावर फुटलं असतं, तर राजाला विष घालणारा माणूस ओळखायला मला इतके दिवस लागले असते का?" तिने प्रधानाकडे बोट केलं. "याची कातडी बघ. लोण्यासारखी."

प्रधानाचं काम करणारा नट दचकून गालाला हात लावू लागला. तेवढ्यात म्बाह गेम्बुसला वाचा फुटली. त्याने प्रधानाचा गाल चिमटीत धरून प्रेक्षकांकडे वळवला. "खरंच की हो! एक पुटकुळी नाही! सरकार, इतकं पाप ठेवता तरी कुठे?"

सगळं नाट्यगृह पुन्हा हसलं, पण या वेळी ते राणीच्या बाजूने हसत होतं. मागे ओरडलेला माणूसही टाळ्या पिटत होता. त्यानंतर कुणी खांदे पाहिले नाहीत. पोराला सोडून राणी जंगलात निघाली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. पडदा पडताना मंचावर फुलं आणि सिगारेटची पाकिटं येऊन पडत होती. चांगल्या नटाला सेमारांगकर अशीच दाद देतात.

रंगपटात बू सुकेसी आली. माफी वगैरे मागायची तिची जात नव्हती. रात्री खाजतं का, तेल कुठलं लावतेस, असं तिने आधी विचारलं. मग जरा घुटमळून म्हणाली, "आमची नास्तिती म्हणते, लग्नात तुझ्यासारखंच नेसणार. खांदे उघडे."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? हळदी रंग तिला शोभत नाही, एवढंच म्हणाले. हिरवा घेऊ."

लग्न महिन्याभरात झालं, हिरव्या रंगात. आणि केतोप्राकचा तो खेळ लोकांनी हलूच दिला नाही. आता दर शनिवारी मागून कुणी ना कुणी मुद्दाम ओरडून राणीला छेडतं, कारण ती आज काय उत्तर देते ते ऐकायला अख्खं नाट्यगृह टपून असतं, आणि तिने अजून एकदाही तेच उत्तर दोनदा दिलेलं नाही. तक्रार असते ती फक्त प्रधानाची. म्हाताऱ्याच्या चिमट्यांनी माझा गाल सुजतो, असं तो बू मूर्तियांना सांगत असतो.