वाकड्या मानेची गिटार

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे म्हातारी उगाच तणतणते असं नंतर कुणी म्हणायला नको.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. प्लायवूडचं पोट, स्वस्तातल्या तारा आणि वर चकचकीत पॉलिश. पुढे कित्येक वर्षं मी ओल आलेल्या भिंतीला टेकून उभी होते. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तिथेच माझी मान वाकली आणि पोटाला चीर गेली.

मग एका वादकाने मला जुन्या सामानातून उचलून आणलं. तो एका रॉक बँडमध्ये वाजवायचा. कामावरच्या यंत्रात सापडून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची ताठ झाली, तेव्हा बँडवाल्या मित्रांनी त्याला गोड बोलून बाजूला काढलं. "हात बरा झाला की ये," म्हणाले. हात बरा होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो "हो" म्हणून घरी आला.

तारा दाबणं त्याला जमेना. पण माझी मान वाकडी, म्हणून माझ्या तारा मानेपासून चांगल्या उंच होत्या. त्याने करंगळीत काचेची नळी घातली आणि ती तारांवरून नुसती सरकवली. मी कण्हले, चिरेतून खरखरले. ब्लूज नावाचं संगीत असंच असतं, मित्रांनो. त्यात दुःख सांगायचं असतं, पण कुणाकडे दया मागायची नसते. त्याने स्वयंपाकघरात माइक लावला आणि स्वतःच्या एकट्याच्या नावाने अल्बम करायला घेतला. आता तो गातही होता. निम्मी गाणी झाली.

त्याची मोठी बहीण, ताई, त्याच घरात राहायची. एक दिवस तो कामावर गेला असताना तिने मला दुरुस्तीला नेलं. भावाला खूश करायचं होतं तिला. कारागिराने माझी मान सरळ केली, चीर सरसाने बुजवली, पॉलिश केलं. मी नटूनथटून घरी आले. मला कुणी विचारलं होतं? त्याला तरी विचारलं होतं?

संध्याकाळी त्याने नळी सरकवली. तारा आता खाली आल्या होत्या, म्हणून ती मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर खडखड आपटली. चिरेतला आवाज तर गेलाच होता.

"आता कशी छान झाली ना?" ताईने विचारलं.

"हो ताई. छान झाली."

त्याच्या या खोट्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. बँडने हाकललं तेव्हाही हा असाच "हो" म्हणाला होता. त्यानंतर त्याने मला हात लावला नाही. माइकच्या दांडीवर भांडी पुसायचं फडकं वाळू लागलं.

शेवटी ताईनेच विचारलं, "अरे, गाणी पुरी कर की. का थांबलास?"

"कारण तू ती गिटार मोडलीस, ताई. वाकडी होती म्हणूनच मला वाजवता येत होती. निदान विचारायचं तरी."

"मग तेव्हाच का नाही बोललास? तोंड शिवलं होतं का?"

त्या घरात एवढं मोठं भांडण कधी झालं नव्हतं. भांडता भांडता ताईने भाजीची सुरी घेतली आणि मला टेबलावर आडवं केलं. "कुठे होती चीर? दाखव." त्याने बोटाने जागा दाखवली. तिने सुरीचं टोक सरसाच्या जोडात घालून दाबलं. कड्कन आवाज झाला. मग त्याने मानेच्या टोकाशी तारांखाली पेन्सिलीचा तुकडा सारला आणि तारा पुन्हा उंच केल्या. फार दुखलं, मित्रांनो. आणि याही वेळी मला कुणी विचारलं नाही.

माझा पहिला आवाज परत आला नाही. नवी चीर जास्त लांब आहे, खरखर जास्त कडवट आहे. तो त्याच तावात गायला बसला. शेवटच्या गाण्यात मागे धप् धप् ऐकू येतं, तो ड्रम नाही. ताई रागाने फरशीवर पाय आपटत होती.

तेव्हा आम्हा वाद्यांची काळजी जरूर घ्या. आम्हाला पुसा, झाका, ओलीपासून जपा. पण कुणाचं वाकडेपण काढण्याआधी त्याला विचारा. आणि तुम्हालाच कुणी न विचारता सरळ केलं, तर "छान झालं" म्हणू नका. तिथल्या तिथे भांडा. आमच्या घरात आता रोज भांडणं होतात, आणि दुसरा अल्बम निम्मा होत आला आहे.