वाकलेली भिंत

आई घरांचे नकाशे काढायची. नवा लॅपटॉप घ्यायला ती मुलीला घेऊन दुकानात गेली. चौदा इंचीवर तिने आपलाच नकाशा उघडला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"याच्या रेषा वाकड्या दिसतात."

दुकानदाराने सोळा इंची, जास्त रिझोल्यूशनचा पुढे केला. त्यावरही भिंत मधोमध वाकलेलीच होती.

"तुला कशी दिसते गं?"

"सरळ आहे की, आई."

आईने डावा डोळा झाकला, तर भिंतीतलं दारच नाहीसं झालं. तिने मुलीचं मनगट घट्ट धरलं.

"लॅपटॉप राहू दे. आधी डॉक्टरकडे चल."

डॉक्टरांनी उजवा डोळा बराच वेळ तपासला. "गेलेली नजर परत येईलच असं नाही. उरलेली टिकवू," ते म्हणाले.

मुलीचं मनगट अजून आईच्या मुठीतच होतं.