मुदत संपलेलं गेज

थोरल्या लेकीनं धुलाई कारखान्याचा बॉयलर बंद करायचा आदेश काढला, तेव्हा बापाची छाती फुगली. त्याची उभी हयात बॉयलरवर गेली होती. निरीक्षक आला की मालक चहा पाजायचा, साहेब वहीवर सही ठोकायचे आणि काम मागच्या पानावरून पुढं चालू. आता त्याची लेकच निरीक्षक होती, आणि ती चहाला शिवतही नव्हती.

मालकानं अपील केलं. सुनावणी कुणालाही ऐकता येत होती, म्हणून बाप जाऊन मागच्या बाकावर बसला. वकिलानं तासभर पाल्हाळ लावलं, पण हाती काही लागेना. निकाल लेकीच्याच बाजूनं झुकत होता. शेवटी अपील ऐकणाऱ्या बाईंनी विचारलं, "आणखी कुणाला काही सांगायचंय?"

लेक उठली. "मला सांगायचंय. सेफ्टी व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, हे मी माझ्या दाब मोजायच्या गेजवर पाहिलं. त्या गेजच्या प्रमाणपत्राची मुदत तपासणीच्या चार दिवस आधीच संपली होती. काल फाईल लावताना लक्षात आलं. हे प्रमाणपत्र."

वकिलाच्या हे गावीही नव्हतं.

बाईंनी आदेश रद्द केला. तीन दिवसांत फेरतपासणी करा, असं लेकीला आणि तोवर भट्टी पेटवू नका, असं मालकाला बजावलं.

बाहेर आल्यावर बाप म्हणाला, "कुणी विचारलं होतं का तुला? आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतलास."

"बाबा, मालकाचे कागद मी तपासते. माझे कोण तपासणार? त्यासाठीच तर त्या बाई बसल्यात तिथं."

इतके साहेब आले नि गेले, पण स्वतःचं गेज खरं की खोटं हे कुणी सांगितल्याचं बापाला आठवेना.

तिसऱ्या दिवशी लेकीनं नव्यानं तपासून आणलेलं गेज लावलं. प्रमाणपत्र आधी मालकाच्या हातात दिलं. व्हॉल्व्ह पुन्हा उशिराच उघडला. वकील म्हणाला, "परत अपील करू."

"नको," मालक म्हणाला. "स्वतःची चूक चारचौघांत सांगणाऱ्या बाईला खोटं कसं पाडू?" आठवड्यात नवीन व्हॉल्व्ह बसला.

हे बापाला कळलं ते तिथल्या बॉयलरवाल्याकडून. दोघं एकेकाळी एकाच पाळीत होते. "तुझीच ना रे ती पोरगी?" त्यानं विचारलं.

"माझीच," बाप म्हणाला. "पहिला आदेश तिनं स्वतःच पाडला, ते ऐकलंस का? बस, सांगतो."