जित्या पोरांचे मासे

मी शहरात सातवीला विज्ञान शिकवतो. अन्नसाखळीचा धडा मला पाठ आहे, इतका की फळ्याकडे न बघता एका हाताने चित्र काढतो: शेवाळ, किडा, छोटा मासा, मोठा मासा. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर कुणी म्हणू नये की बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

आमचं गाव लासूर स्टेशनापासून दोन कोसांवर, शिवना नदीच्या वळणावर. त्या वळणाला काळ्या खडकात खोल डोह आहे, सटवाईचा. काठावर शेंदूर लावलेले पाच दगड, तीच सटवाई. ज्या बाईची लेकरं जगत नाहीत, ती सटवाईला बोलते, आणि लेकरू वर्षाचं झालं की डोहात एक जिवंत मासा सोडते. जिवाच्या बदली जीव. एकदा सोडलेला मासा डोहाबाहेर काढायचा नाही, डोहात गळ नाही, जाळं नाही. गावातले उडाणटप्पूसुद्धा तिथं चप्पल काढून पाय धुतात.

माझ्या लहानपणी हे मासे नदीतूनच धरायचे. मुंजाबाचा मासा सोडला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मुंजाबा म्हणजे म्हाळसाबाईचा मुलगा. ती धनगराची, मेंढरं राखणारी. तीन लेकरं गेल्यावर हा चौथा जगला होता. सांडू भोयाने पहाटे खालच्या धारेत जाळं लावून हातभर लांबीची खडशी धरली, तांब्याच्या घागरीत घालून आणली. सोनेरी खवले, वाटीएवढे. जाळ्यातून सोडवताना तिचा ओठ एका बाजूनं फाटला. म्हाळसाबाई हळहळली, पण सांडू म्हणाला, "फाटू दे. वळखायला बरं."

आणि खरंच, तिचा मासा सगळ्यांना ओळखू यायचा. काठावर बसून ती ज्वारीच्या पिठाचे गोळे टाकायची, की खडशींचा थवा वर यायचा आणि त्यात फाटक्या ओठाची ती असायचीच. मुंजाबा पुढे चितेगावच्या एका कंपनीत लागला. एकविसाव्या वर्षी पैठण रोडवर ट्रकखाली गेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी म्हाळसाबाई पिठाचे गोळे घेऊन डोहावर आली. कुणीतरी म्हणालं, आता कशाला? ती म्हणाली, "पोरगं गेलं, त्याचा मासा हाय की."

त्यानंतर एक दिवस तिने चुकवला नाही. मेंढरं विकली, गुडघे गेले, तरी काठीच्या आधाराने उतरायची. आपली भाकरी कधी अर्धी असेल, माशांचं पीठ ठरलेलं. माशाला ती 'मुंजा' म्हणायची आणि त्याच्याशी बोलायची, तेही रागावून. "आला का? कालच्याला कुठं होतास रं?"

या काळात नदी मात्र आटत गेली, पाण्याने आणि माशांनीही. खालच्या धारेला लोक मच्छरदाणीची जाळी लावू लागले, त्यात बोटाएवढं पिल्लूही सुटेना. कुठून कुठून माणसं येऊन माशांसाठी पाण्यात सुरुंगाचे तोटे फोडू लागली. सांडू भोयाने जाळं गुंडाळून माळ्यावर टाकलं आणि लासूरला हमालीला लागला. पण लेकरं जन्मायची थांबली नव्हती, नवसही थांबले नव्हते. मासा आणायचा कुठून?

बाजारातून. आम्ही सगळ्यांनी तेच केलं.

आमची दोन मुलं वर्षाच्या आत गेली. माझी आई, मनकर्णाबाई, मला न सांगता सटवाईला बोलून आली. मग ओवी झाली आणि जगली. वर्षाची झाली तेव्हा मी, विज्ञानाचा शिक्षक, शहरातल्या मासळी बाजारात डबा घेऊन उभा होतो. मेलेले मासे बर्फात होते. जिवंत फक्त एकाच टपात, काळे, मिशीवाले, एकमेकांवर वळवळणारे. विकणारा म्हणाला, "मांगूर है सर. मरताइच नै ये. दो दिन पानी के बगैर रखो, तो बी जिंदा." मला फार आनंद झाला. याहून चांगला मासा नवसाला कुठला मिळणार? एसटीच्या झटक्यांत डब्यातलं निम्मं पाणी सांडलं, तरी तो गावापर्यंत जिवंत आला. आईने त्याला हळदकुंकू लावलं, ओवीचा हात त्याच्या पाठीवर टेकवला आणि त्याला डोहात सोडलं. त्याने एक गिरकी घेतली आणि तळाशी गेला. आईचे डोळे भरून आले होते, माझेही.

गावातल्या नवस बोललेल्या प्रत्येक घराने गेल्या पंधरा वर्षांत असाच मांगूर आणून सोडला होता. दुसरा मासा जिवंत मिळतच नव्हता.

ओवी दहा वर्षांची झाली त्या वर्षीच्या हिवाळ्यात मी नसरीन मॅडमना डोह दाखवायला घेऊन गेलो. त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या, गोदावरीच्या खोऱ्यातल्या माशांवर काम करायच्या, आणि खडशी आता जवळपास दिसतच नाही असं एकदा म्हणाल्या होत्या. मी फुशारकीनं म्हणालो, आमच्या गावाला चला.

म्हाळसाबाईने गोळे टाकले. खडशी वर आल्या. मॅडम लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवायच्या तेवढ्या राहिल्या. मग मोजू लागल्या. सात. सगळ्या मोठ्या, म्हाताऱ्या.

"पिल्लं कुठंयत?" त्यांनी विचारलं.

"नाय दिसत हल्ली," म्हाळसाबाई म्हणाली. "पयले लई असायची. पायाला लुचायची."

मॅडमनी आणखी गोळे मागून घेतले आणि कडेच्या उथळ पाण्यात टाकले. गाळातून काळी डोकी वर आली, दहा, वीस, मग मोजता येईनात.

"हे कुणी टाकले इथं?"

मी हसून म्हणालो, "त्यातला एक माझ्या मुलीचा."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी अजून विसरलो नाही. मग काठावर बसून त्यांनी समजावून सांगितलं. हा बाहेरच्या देशातून आलेला मांगूर, विकायलाच बंदी आहे याला. अंडी खातो, पिल्लं खातो, मिळेल ते खातो. मोठ्या खडशींना तो गिळू शकत नाही, म्हणून त्या उरल्या. पण त्यांचं एकही पिल्लू वाढलेलं नाही. "सर, गावाला वाटतंय डोह भरलेला आहे. या सात गेल्या की संपलं."

फळ्यावरचं ते चित्र मी किती वर्षं काढत होतो! शेवाळ, किडा, छोटा मासा, मोठा मासा. आणि त्यातला मोठा मासा माझ्याच हातानं डब्यातून डोहावर आला होता.

मार्चमध्ये मॅडम परत आल्या, सोबत दोन विद्यार्थी आणि जाळी. दुष्काळाचं वर्ष होतं, टँकर सुरू झाले होते, डोह निम्म्यावर आला होता. त्यांनी सटवाईपुढे गाव जमवलं. पाणी कमी आहे तोवर जाळं ओढू, खडशी वेगळ्या काढून कॉलेजच्या टाक्यात जपू, मांगूर सगळे काढू आणि पावसाळ्यात खडशी परत आणून सोडू.

सरपंच पुंजाराम म्हणाला, "आन् काढलेल्या मांगुरांचं काय?"

मॅडमना खोटं बोलता आलं असतं, पण बोलल्या नाहीत. "मारावे लागतील. दुसऱ्या पाण्यात सोडले तर तिथंही हेच होईल."

बाया उठून उभ्या राहिल्या. सगळ्यात आधी माझी आई. "माझ्या नातीचा जीव हाय त्याच्यात. मारताव कसं?" मग एकेक नाव यायला लागलं, माझ्या अमक्याचा, माझ्या तमकीचा. कुणी ओरडत नव्हतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. बहुतेकींच्या काखेत नाहीतर पदराला धरून ते ते पोर होतं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "सर, तुम्ही सांगा ना यांना. तुमचं ऐकतील."

ऐकलं असतं. मी पहिला म्हणालो असतो, की माझ्या ओवीचा मासा काढा, तर अर्धं गाव तयार झालं असतं. शहरात शिकवणारा मास्तर होतो मी त्यांचा. पण ओवीला त्या आठवड्यात ताप होता. साधाच होता, गोळीनं उतरत होता आणि परत चढत होता. रात्रभर मी तिच्या कपाळावर हात ठेवून बसलो होतो. ताप विषाणूमुळे येतो हे मला माहीत आहे. डोहातल्या माशाशी त्याचा काही संबंध नाही, हेही माहीत आहे. पण आधीची दोन मी या हातांनी पुरली होती.

"पुढच्या वर्षी बघू," मी म्हणालो.

मग सगळे म्हाळसाबाईकडे बघू लागले. खडशी होत्या त्या जुन्या नवसांच्या. त्यातली बरीच पोरं मोठी होऊन कामाधंद्याला पांगली होती, त्यांच्या आया गेल्या होत्या. त्या माशांसाठी बोलायला ती एकटीच उरली होती. डोहावर तिचा शब्द चालायचा. ती म्हणाली असती, टाका जाळं, तर कुणाची आडवं यायची हिंमत नव्हती.

ती पाण्याकडे वळली. मग म्हणाली, "मॅडम, तुमचं खरं आसंल. पर ते जित्या पोरांचे मासे हायेत. माझा मेलेल्याचा हाय." तिने काठी उचलली. "राहू द्या. जाळं नका टाकू."

मॅडमनी जाळी जीपमध्ये ठेवली. माझा निरोप न घेता निघाल्या.

ओवीचा ताप दोन दिवसांत उतरला. आईने सटवाईला नारळ फोडला.

मेमध्ये डोहाचं डबकं झालं. आई फोनवर सांगायची, म्हाळसाबाईचं डोकं फिरलंय, टँकरचे वाट्याचे दोन हंडे मिळतात, त्यातला एक डोहात नेऊन ओतते. लोक हसतात, पण अडवत नाहीत. हंडाभर पाण्यानं काय होणार होतं? पाणी गरम झालं की खडशीचा जीव गुदमरतो, तिला वाहतं, गार पाणी लागतं. मांगूर मात्र तोंड वर काढून हवा घेतो आणि चिखलात मजेत पडून राहतो. हे सगळं मला तोंडपाठ होतं, कुणीही विचारलं असतं तर सांगितलं असतं.

सुट्टी लागल्यावर रविवारी सकाळी मी ओवीला घेऊन गावी गेलो आणि घरात न शिरता डोहावर उतरलो. सहा खडशी आधीच्या चार दिवसांत गेल्या होत्या. म्हाळसाबाई गुडघाभर चिखलात बसली होती, मांडीवर फाटक्या ओठाची खडशी. मोकळा हंडा बाजूला पडला होता. ओंजळीनं ती तिच्या कल्ल्यांवर पाणी सोडत होती. कल्ले केव्हाच थांबले होते.

"मावशी," मी म्हणालो.

"आत्ता व्हता," ती म्हणाली. "आत्ता हालला व्हता, रामकिसन."

मी चिखलात उतरून तिच्याशेजारी बसलो. तिने तेव्हा रडायला सुरुवात केली. मुंजाबाच्या मयताला ती रडली नव्हती असं गाव सांगतं. त्या दिवशी रडली, मोठ्यानं, त्याचं नाव घेऊन. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं आणि तेवढंही धैर्य झालं नाही. आम्ही खडशीला तिच्या जुन्या लुगड्याच्या पदरात गुंडाळलं. वर बाभळीखाली मी खड्डा खणला, वरच्या चार बोटांच्या मातीखाली नुसता मुरूम होता. तिने स्वतः माती लोटली.

बाभळीखालूनच मी नसरीन मॅडमना फोन लावला. "संपल्या," एवढंच म्हणालो.

"एकही नाही?"

"नाही."

त्यांनीच फोन ठेवला.

म्हाळसाबाई खाली पाण्याशी जाऊन हात धूत होती. धुऊन झाल्यावर तिने कनवटीची पुरचुंडी सोडली. त्यात त्या दिवसाचे पिठाचे गोळे होते. तिने ओवीला हाक मारली.

"ये गं बाई. घे. तुझा मासा उपाशी हाय."

ओवीने गोळे टाकले. चिखल हलला, मिशा दिसल्या, काळ्या पाठी एकमेकींवर चढल्या. एक चांगला मांडीएवढा मासा सगळ्यांना ढकलून पुढे आला. ओवी टाळ्या पिटत ओरडली, "बाबा, हाच ना माझा?"

म्हाळसाबाईने तिच्या डोक्यावरून ओला हात फिरवला.

"व्हय, हाच," ती म्हणाली. "बघ, कसा जगलाय. उद्याच्याला पन ये बाई, मला आता उतरवत नाय."