पायाला डोळे नसतात

मित्रांनो, मी एक जुनी विजेरी आहे. तुम्ही मला टॉर्च म्हणाल, तुरुंगात मला "ए, ती बॅटरी आण" म्हणायचे. नावाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

माझा जन्म कारखान्यात झाला. अंग पत्र्याचे, पोटात जाडजूड सेल आणि तोंडावर काच. शेवटच्या टेबलावरच्या बाईंनी माझे बटण दाबले, मी लखकन उजळले, त्या "पेटली" म्हणाल्या आणि लगेच मला मिटवून खोक्यात घातले. आयुष्यात माझे कौतुक झाले ते एवढेच. मला वाटले होते, आपण कुणाबरोबर सहलीला जाऊ, तंबूत बसून भुताच्या गोष्टी ऐकू. पण सरकारी खरेदीत माझा नंबर लागला आणि मी थेट तुरुंगात गेले. मी काहीच गुन्हा केला नव्हता. अर्थात, तिथे प्रत्येक जण हेच सांगतो.

तुरुंगात रात्रीचे मोठे काम म्हणजे माणसे मोजणे. दिवे मालवले की पहारेकरी लांबलचक बोळातून फेरी काढतो. प्रत्येक दाराला एक छोटी झडप असते. ती सरकवायची, माझा झोत आत टाकायचा, माणूस पाहायचा आणि पुढे सरकायचे. शेवटी फाटकाजवळच्या कचेरीत आकडा सांगायचा. तो जुळेपर्यंत कुणालाही चहा मिळत नाही.

नियम साधा होता. पांघरूण मोजायचे नाही, उशी मोजायची नाही. कातडी दिसली पाहिजे आणि श्वास चाललेला दिसला पाहिजे. पांघरुणाखाली कपड्यांचे बोचके निजवून पूर्वी कुणीतरी पोबारा केला असणार. नियम असेच जन्माला येतात, घोडा पळाल्यावर.

एकदा मोजणीत माणूस एक जास्त भरला. कमी भरला तर काय करायचे ते सगळ्यांना पाठ होते, वाढला तर काय करायचे ते कुणालाच ठाऊक नव्हते. अख्खी रात्र धावपळ झाली. पहाटे कळले की दुसऱ्या पहारेकऱ्याने बोळाच्या टोकाला बाकावर डुलक्या घेणाऱ्या आपल्याच सोबत्याला मोजले होते. कातडी दिसली होती, श्वासही चालू होता. नियमाप्रमाणे त्याचे काहीच चुकले नव्हते.

मी ज्याच्या हाती होते तो पहारेकरी मात्र डुलक्या घेणारा नव्हता. थोराड अंगाचा, दबक्या पावलांचा माणूस. बुटांचा आवाज होऊ नये म्हणून टाचांना रबर ठोकून घेतलेला. "झोप हीच काय ती यांची सुट्टी," असे तो म्हणायचा, "ती तरी कशाला मोडा?"

बोळाच्या अगदी शेवटच्या खोलीत एक म्हातारा शिंपी होता. दिवसा तो तुरुंगाच्या शिवणखात्यात गणवेश शिवायचा, कैद्यांचेही आणि पहारेकऱ्यांचेही. बटणे दोघांना सारखीच लावायचा. त्याने काय केले होते ते मला ठाऊक नाही. माझा उजेड तेवढा मागे पोहोचत नाही. पण त्याची झोप अगदी काचेची होती. झोत तोंडावर पडला की ती फुटायची आणि पुन्हा जुळायची नाही.

एका रात्री तो उठून झडपेशी आला.

"भाऊ, तुमच्या राज्यात सूर्य फार वेळा उगवतो हो."

"नियम आहे, बाबा. मी काय हौसेने येतो? कातडी दिसली पाहिजे."

"मग पाय चालेल का?"

"पाय?"

"पायाला डोळे नसतात. मी एक पाय बाहेर काढून झोपतो. उजेड त्याच्यावर टाका. अंगठा हलवला की समजा, गिऱ्हाईक दुकानात आहे. तोंड मला राहू द्या."

पहारेकरी हसला. "आणि पायच ठेवून पळून गेलात तर?"

"या वयात दोन पायांनी धड चालता येत नाही, एका पायाने कुठे पळणार?"

असा करार झाला. इतकेच नाही. शिंप्याने झडपेतून दोऱ्याने माझ्या तोंडाचे माप घेतले आणि चार दिवसांनी जुन्या गणवेशाच्या कापडाची एक टोपी शिवून दिली, काचेवर घट्ट बसणारी, कडेला बारीक टीप घातलेली. ती घातली की माझा झोत मऊ व्हायचा. सगळ्या बोळाने आनंदाने आमच्या पहारेकऱ्याचे नाव काजवा ठेवले. मित्रांनो, मला कुणी काही शिवून दिले ते आयुष्यात तेवढे एकदाच. मी ती टोपी फार मिरवली.

पहिले काही दिवस झोत पडला की अंगठा टुणकन हलायचा. मग हळूच हलू लागला. मग कधी हलायचा, कधी नाही. पहारेकरी प्रत्येक वेळी थांबून पांघरूण वर-खाली होताना पाहायचा आणि खूश व्हायचा. "लागली बुवा म्हाताऱ्याला झोप!" तो सोबत्याला म्हणायचा, जणू घरातल्या तापकरी पोराचा ताप उतरला होता. पुढे पुढे न हलणारा अंगठा दिसला की तो पांघरुणाकडे पाहीनासा झाला. स्वस्थ पाय म्हणजे स्वस्थ झोप, हे त्याच्या मनात पक्के बसले.

मग कडाक्याची थंडी पडली. त्या रात्रीही पाय बाहेर होता. काजव्याने टोपीतला मऊ उजेड त्यावर टाकला, पाय दिसला, तो पुढे गेला. प्रत्येक फेरीला पाय तसाच, तिथेच. इतक्या थंडीत जिवंत माणूस झोपेतसुद्धा पाय आत ओढतो. ही गोष्ट कुणाही पोराला सुचली असती. त्याला सुचली नाही, कारण म्हाताऱ्याला शांत झोप लागल्याचा त्याला मनापासून आनंद झाला होता.

सकाळी चहाची किटली आली तेव्हा शिंपी उठला नाही.

डॉक्टरांनी तपासले. "रात्री लवकरच्या फेरीत कुणी जरा नीट पाहिलं असतं तर..." एवढे म्हणून त्यांनी आपल्या औषधांच्या पिशवीची चेन लावली.

चौकशी कचेरीतच झाली. मलाही पुरावा म्हणून टोपीसकट टेबलावर ठेवले होते.

"मोजणी चुकली होती का?" साहेबांनी विचारले.

"नाही साहेब."

"सगळ्या फेऱ्यांना आकडा जुळला?"

"जुळला, साहेब."

"मग चूक नेमकी कुठे झाली?"

"साहेब, मी पाय मोजला. माणूस मोजायचा राहिला."

आकडा बरोबर असताना शिक्षा कशाखाली द्यायची, हा प्रश्न साहेबांना सुटेना. शेवटी त्यांनी त्याला समज दिली आणि माझ्या तोंडावर काहीही बांधायला बंदी घातली. टोपी काजव्याने खिशात ठेवली. ती पुन्हा मला दिसली नाही.

त्यानंतर तो माझा झोत सरळ तोंडावर टाकू लागला आणि छाती हललेली दिसेपर्यंत हलेना. एकदा दिसली तरी त्याचे समाधान होईना. बोळात शिव्यांचा पाऊस पडला. "काजव्या, तुझी वीज तोडली पाहिजे!" मग लोकांनीच युक्ती काढली. झोत पडला की डोळे न उघडता ते म्हणायचे, "जिवंत आहे. जा." पुढच्या दारातून तेच, त्याच्या पुढच्या दारातून तेच. शेवटच्या खोलीत नवा माणूस आला होता, तोही तेच म्हणायचा. पण तिथे काजवा जरा जास्तच थांबायचा.

पुढे कॅमेरे आले. तो निवृत्त झाला आणि मी भंगारात निघाले. कचेरीतल्या कारकुनाने मला त्याच्या हातात दिले. "घ्या, तुमची बॅटरी. वीज गेली तर उपयोगी पडेल."

वीज कशाला जायला हवी? घरी पहिल्याच रात्री तो उठला आणि मला घेऊन बायकोच्या उशाशी उभा राहिला. काकू दचकून जाग्या झाल्या. पुढे त्यांना सवय झाली. डोळे मिटूनच म्हणायच्या, "जिवंत आहे हो मी. झोपा आता." हे वाक्य त्यांना कुणी शिकवले नव्हते. ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा तो स्वयंपाकघरात जाऊन अंधारात बराच वेळ बसला होता.

आता काकू नाहीत. त्या दिवसाढवळ्या गेल्या, मुलगा, सून, सगळे समोर असताना. त्या वेळी माझी गरज पडली नाही. नंतर मला कपाटाच्या खालच्या खणात टाकले. माझे सेल फुगून फुटले आहेत, आतून गंज चढला आहे. मित्रांनो, वापरत नसाल तेव्हा विजेरीतले सेल काढून ठेवत जा. एवढे तर कराल?

आणि आणखी एक. आमचा काजवा बाहेरच्या खोलीत झोपतो. खणाला फट आहे, त्यातून रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात मला तो दिसतो. थंडी असो नसो, तो डोक्यावरून पांघरूण घेतो आणि एक पाय बाहेर काढून ठेवतो. सून पाणी प्यायला उठते. चांगली आहे बिचारी. "बाबांचा पाय उघडाच राहतो," असे पुटपुटते, पाय झाकते आणि आत जाते. ती गेली की तो पाय पुन्हा बाहेर काढतो.

तुमच्याही घरात कुणीतरी असे डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपत असेल. पाय जरूर झाका. पण लगेच वळू नका. पांघरूण एकदा वर येऊ द्या, खाली जाऊ द्या, मग जा. माझे सेल धड असते तर मीच पाहिले असते, तुम्हाला सांगायला आले नसते.