झोपेतच गेली

“पाप म्हणजे काय ते एकदाचं सांगून टाका म्हणावं. नुसतं आपलं गोल गोल!” चर्चच्या बाकावर भावजय ताईच्या कानाशी कुरकुरली. “माझे पाय आखडले बाई बसून बसून.”

ताईलाही हे नवे पाळक पसंत नव्हते. जुने बरे होते. बाह्या सरसावून नरक दाखवायचे, पण तो कसा, लांब असायचा. खुनी, दारुडे, बाहेरख्याली अशी मंडळी तिथे जायची आणि ऐकणारे निवांत मनाने घरी जेवायला. हे नवे मात्र चपला काढून घरात शिरल्यासारखे हळूच बोलत. कधी मोबाइलचं उदाहरण, कधी ऑफिसातल्या लिफ्टचं. ‘पाप’ म्हणायला हा माणूस लाजतो की काय, अशी तिला शंका होती.

आज लाजले नाहीत.

“पाप म्हणजे काहीतरी भयंकर करणंच असतं असं नाही,” ते म्हणाले. “एक घर आहे. दुपारची वेळ. आतल्या खोलीतून म्हातारं माणूस बोलावतंय. बाहेर सगळे जागे आहेत. प्रत्येकाला वाटतं, दुसरा उठेल. डोळे मिटून घेतात. बस. देव बोलावतो तेव्हाही आपण असेच पडून राहतो.”

ताईच्या मांडीवरून गीतांचं पुस्तक घसरलं. भावजयीची चुळबुळ एकदम थांबली. पलीकडे भाऊ छताचा पंखा बघत होता.

आई गेली त्या दुपारी घंटी वाजली होती. तिच्या उशाशी ठेवलेली, पितळेची. ताई सोफ्यावर पडली होती. किती दिवस आपणच उठतोय, आज त्यांना उठू दे, असं म्हणून तिने कूस बदलली. भाऊ-भावजयीच्या खोलीतूनही हालचाल नाही. घंटी वाजत राहिली, मग थांबली. नंतर भेटायला आलेल्या पहिल्या माणसाला भाऊ म्हणाला, “झोपेतच गेली.” तेच वाक्य पुढे सगळ्यांना पुरलं. घरात मात्र कुणी कुणाला काही विचारलं नाही. ताईने घंटी बटणांच्या डब्यात तळाशी घातली.

मग पाळकांच्या कानावर घातलं कुणी?

ताई घरीच शिवणकाम करायची. त्या आठवड्यात उसवायची शिवण सोडून तिने भलतीच उसवली. शेवटी राहवेना.

“काय गं, पाळकांच्या घरी बरंच बोलणं होतं वाटतं तुझं?”

“माझं? अहो, मला वाटलं तुम्हीच…” भावजय अडखळली. “त्यांचा कोट तुमच्याकडेच आला होता ना ढिला करायला?”

“मापं घेताना माझ्या तोंडात टाचण्या असतात. बोलू कशाने?”

“चहा मिळेल का,” भाऊ आतून ओरडला, “की तेही पापच?”

भावजय उठून चहाचं आधण ठेवायला गेली.

ताईनेच पाळकांना चहाला बोलावलं. काय तो सोक्षमोक्ष समोरासमोर. भावजयीचं नाव निघालं, तर आपलं मशीन उचलायचं आणि वेगळं बिऱ्हाड करायचं, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

पाळक खुर्चीच्या कडेला बसले. त्यांनी पहिला घोट घेतला आणि ताईने विचारलं, “मागच्या रविवारचं ते घर कुणाचं हो, पाळकसाहेब?”

भावाने बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

“आमचंच,” पाळक म्हणाले. “वडील भिंतीवर काठी आपटत होते. मी आणि माझा भाऊ पडून राहिलो. आधीच्या चर्चमध्ये इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या पापांवर बोललो, लोक खूश असायचे. म्हटलं, आता आपल्या घरापासून सुरुवात करावी.”

ताईने भावजयीकडे पाहिलं. भावजय तिच्याकडेच पाहत होती, तशाच नजरेने, आठवडाभर चोर शोधून दमलेल्या.

पाळकांनी कप खाली ठेवला. “तुमच्या आई नशीबवान. शांतपणे गेल्या म्हणे?”

“हो तर,” भाऊ घाईने म्हणाला. “झोपेतच—”

“घंटी वाजवत होती ती,” ताई म्हणाली. “बराच वेळ. आणि मी जागी होते.”