घोट्यात विरणारा खिळा

कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन शेताच्या धुऱ्यावरून, उंच बांधावरून उतरताना दामिनीचा पाय वाकडा पडला आणि घोट्याचं हाड मोडलं. अल्लीपुरात असं होतच असतं. पण दामिनीचं लग्न सेलूला ठरलेलं होतं, म्हणून घोट्याची चिंता घोट्यापुरती राहिली नाही.

हिंगणघाटच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. "हाड सरकलं आहे, ऑपरेशन करून खिळा बसवावा लागेल. आता विरणारे खिळे येतात. हाड जुळलं की खिळा हळूहळू शरीरातच विरून जातो. काढायला पुन्हा ऑपरेशन नको."

"तोच बसवा," दामिनी म्हणाली.

तिचे वडील नत्थूजी मात्र सेलूला फोन लावायला बाहेर गेले. आपल्याकडे पाय मुलीचा, पण परवानगी होणाऱ्या सासूची.

शकुंतलाबाई काही दुष्ट बाई नव्हत्या. त्यांना भीती वाटली, एवढंच. "विरते मंजे जाते कुठी? रक्तातच ना? उद्या लेकरू राह्यलं त त्याच्या अंगात जाईन. आन् लोखंडाचा बसवून दोन डाव चिरफाड बी नको. आमाले नाई जमत, भाऊ."

मूल होण्याशी याचा काही संबंध नाही, हे डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं. "बराबर हाय, साहेब," नत्थूजी म्हणाले, आणि पोरीला गाडीत घालून हाडं बसवणाऱ्या वैदूकडे घेऊन निघाले.

"बाबा, पाय माहा हाय," दामिनी रडत म्हणाली. "मले काऊन नाई विचारत तुमी?"

"समजते माय. पण सोयरीक मोडली त तुले कोण करीन?"

वैदूने बांबूच्या कमच्या करकचून बांधल्या. त्या सोडल्या तेव्हा पाऊल बाहेर वळलेलं होतं. सेलूची मंडळी आली, दामिनीला चालताना पाहिलं आणि चहा न घेता परतली. नत्थूजी पुन्हा डॉक्टरांकडे धावले. हाड वाकडं जुळलं होतं, सांधा बिघडला होता. आता पूर्वीसारखा पाय होण्याची खात्री डॉक्टर देईनात.

कुणावर रागवावं तेच कळत नाही. मुलीचं भलं व्हावं असंच सगळ्यांना वाटत होतं, आणि सगळ्यांनी मिळून तिला लंगडं केलं.

हल्ली पाहुणे यायच्या आधीच आई दामिनीला सतरंजीवर बसवून ठेवते. पाहुणे पोहे खातात, नाव विचारतात, शिक्षण विचारतात. मग त्यांच्यातलं कुणीतरी, तुमच्या-माझ्यासारखंच, सहज म्हणतं, "बाई, जरा उठून चालून दाखव."

दामिनी भिंतीला हात लावून उठते.